गाणे कोणाचे?
(इयत्ता सातवीसाठी मूल्यशिक्षणाचा एक पाठ व शिक्षकांसाठी टिपण)

गेल्या हिवाळ्यात अंबाडी येथे शिक्षण परिषद भरली होती. कामकाज आटोपल्यावर एका तरुण शिक्षकांनी आपली एक अडचण मांडली. स्नेहसंमेलनातील नृत्यासाठी त्यांनी इंटरनेटवरून एक गीत आपल्या मोबाईलमध्ये उतरवून घेतले होते. सराव चालू असता सातवीतील एका मुलीने सहज विचारले, “गुरुजी, हे गाणं तुम्ही विकत घेतलं का?” गुरुजी म्हणाले, “नाही.” त्यावर ती म्हणाली, “मग कोणाला विचारलं?” योगायोग असा की, ‘दुसऱ्याची वस्तू न विचारता घेऊ नये’ हा सुविचार त्याच दिवशी फळ्यावर गुरुजींच्याच हस्ताक्षरात लिहिलेला होता. वर्ग हसला; गुरुजी निरुत्तर झाले. ते मला म्हणाले, “साहेब, चूक कबूल करायला माझी हरकत नाही. पण माझी चूक झाली की नाही, हेच मला कळत नाही.”

त्यांच्या या प्रामाणिक उद्गारांचे मला कौतुक वाटले. परंतु खरे सांगावयाचे तर, मलाही तेथल्या तेथे समाधानकारक उत्तर देता आले नाही. आज खेड्यापाड्यांतील घरांतही मोबाईल आहे आणि मुले गाणी उतरवून घेतात, एकमेकांस पाठवितात. जो विषय मुलांच्या रोजच्या व्यवहारात आला आहे, त्याविषयी शिक्षकाने मौन पाळणे योग्य नव्हे. म्हणून हा पाठ तयार केला आहे. प्रथम शिक्षकांसाठी काही विवेचन करून नंतर पाठाची रूपरेषा दिली आहे.

१. वस्तूची चोरी आणि श्रमाची मजुरी

पुष्कळदा आपण मुलांना सांगतो की, गाणे फुकट उतरवून घेणे म्हणजे चोरी. हुशार मुलास हे पटत नाही, व त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. झाडावरचा आंबा चोरला तर मालकाचा आंबा जातो. गाण्याची नक्कल केली तर मूळ गाणे मालकापाशी राहतेच. मग त्याचे गेले काय?

याचे उत्तर आपल्या भागातील मुलांना आवणीच्या उदाहरणाने चटकन समजते. एखादी बाई दिवसभर चिखलात वाकून भाताची आवणी करते. संध्याकाळी शेतकऱ्याने तिला मजुरी दिली नाही, तर तिच्या घरातील एकही वस्तू नाहीशी होत नाही. तरी तिच्यावर अन्याय झाला, याविषयी वर्गात दुमत होणार नाही. गाण्याचेही तसेच आहे. कवी शब्द रचतो, संगीतकार चाल बांधतो, गायक व वादक ते सादर करतात आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च कोणीतरी सोसतो. ते गाणे ऐकणारा हा त्या श्रमांचा लाभ घेणारा होय. म्हणून ‘वस्तू गेली का?’ असे न विचारता ‘श्रमाचे देणे दिले गेले का?’ असे विचारावे.

येथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९९२ च्या सुमारास मी नवा शिक्षक होतो. माझ्या खोलीवर दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर होता. एका कप्प्यात मूळ कॅसेट व दुसऱ्यात कोरी कॅसेट घालून मी मित्रांना गाणी उतरवून देत असे आणि त्यात परोपकाराचे समाधानही मानत असे. एके वर्षी चैत्र अमावास्येस वज्रेश्वरीच्या यात्रेत एक लोकगायक आपल्या गाण्यांच्या कॅसेटी पथारीवर मांडून बसलेले दिसले. मी आनंदाने म्हणालो, “तुमची ही कॅसेट माझ्याकडे आहे. मीच चौघांना उतरवून दिली.” ते रागावले नाहीत. हसून म्हणाले, “गुरुजी, गाणी आवडली ना? मग बरं झालं. पण माझ्या ढोलकीवाल्याचे पैसे मी कुठून देऊ?” त्या दिवशी मी त्यांच्याकडून दोन कॅसेटी विकत घेतल्या. आधीच्या चार नकलांची भरपाई मात्र त्याने झाली नाही.

२. तीन देणी : नाव, परवानगी, मोबदला

गाणाऱ्याचे देणे म्हणजे केवळ पैसा, अशी समजूत करून घेऊ नये. आपल्या परंपरेत त्याहूनही आधीचे एक देणे आहे, ते म्हणजे नाव. संतांनी अभंगाच्या अखेरीस आपली नाममुद्रा घातली. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’ हे शब्द म्हणजे त्या रचनेवरील सहीच होय. तुकोबांच्या काळी सालोमालो नावाचा एक कीर्तनकार तुकोबांच्या अभंगांतील मुद्रा काढून तेथे आपली मुद्रा घालीत असे, अशी कथा परंपरेने सांगितली जाते; गाथेतही त्याचा उल्लेख आहे. तुकोबांनी आपले अभंग विकावयास काढले नव्हते. ते कोणीही गावेत, हीच त्यांची इच्छा. तरीसुद्धा सालोमालोचे कृत्य आपणास खटकते, कारण त्याने अभंग गायिला याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. त्याने नाव बदलले, हा त्याचा दोष.

याच संदर्भात एक गमतीची गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा चित्रपट १९३६ साली प्रदर्शित झाला. त्यात बीज आणि वृक्ष यांचा दृष्टांत असलेले एक गीत आहे. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी नव्याने रचले होते. परंतु ते इतके हुबेहूब साधले की, पुष्कळ लोक त्यास तुकोबांचाच अभंग समजू लागले. येथे कोणी चोरी केली नाही, तरी कवीचे नाव मागे पडले. नाव आपोआप टिकत नाही, ते जाणीवपूर्वक सांगावे लागते, हा यातील बोध.

लता मंगेशकर यांच्या आयुष्यातही असा प्रसंग आला. १९४९ च्या ‘महल’ या चित्रपटातील त्यांच्या अतिशय गाजलेल्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे छापले होते. कामिनी हे त्या चित्रपटातील पात्राचे नाव. हे गाणारी कोण, अशी विचारणा श्रोत्यांनी आकाशवाणीकडे केली, तेव्हा खरे नाव सर्वांना कळले.

दुसरे देणे परवानगीचे. ठाणे व रायगड जिल्ह्यांतील आगरी समाजात लग्नविधीच्या वेळी धवले गाणारी धवलारीण असते. वारली समाजातही धवलेरी असते. हे धवले कोणा एकाने रचलेले नव्हेत, ते पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत चालत आले आहेत. म्हणून शब्दांवर कोणा एकाचा हक्क सांगता येत नाही. परंतु तो कंठ आणि ती स्मरणशक्ती त्या वृद्धेची आहे, आणि समाजाने तिला मान, साडी, नारळ, दक्षिणा देऊन ते ऋण मानले आहे. आता मांडवातला कोणी तरुण तिचे गाणे मोबाईलमध्ये टिपतो व तिला न विचारता जगभर पाठवितो. “आजी, तुमचं गाणं टिपून घेऊ का? तुमचं नाव सांगून लोकांना ऐकवलं तर चालेल का?” एवढे विचारावयास पैसा लागत नाही. विचारले नाही, तर लक्षावधी लोक जे ऐकतील ते कोणाचे, हे कोणालाच कळणार नाही.

तिसरे देणे मोबदल्याचे. याची कहाणी पाहिली तर ती फारशी भूषणावह नाही. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या लावण्यांनी महाराष्ट्राचे तमाशाचे फड गाजविले. परंतु त्यांचा अंतकाळ पुण्यात विपन्नावस्थेत गेला. पुढे ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय वाढला, तेव्हा मोबदला कोणास व किती, हा प्रश्न उभा राहिला. १९६० नंतरच्या काही वर्षांत लता मंगेशकर व महंमद रफी या दोन थोर गायकांत यावरून मतभेद झाला. ध्वनिमुद्रिका विकली जाईल तोवर गायकासही विक्रीचा अंश मिळावा, असे लताबाईंचे म्हणणे. गाण्याचे ठरलेले पैसे एकदा मिळाले की गायकाचा हक्क संपला, असे रफीसाहेबांचे म्हणणे. मतभेद इतका वाढला की, काही वर्षे दोघांनी एकत्र युगुलगीते गायिली नाहीत. दोघेही सज्जन आणि दोघांच्या बाजूस काही तथ्य. म्हणूनच वादविवादासाठी हे उदाहरण उत्तम आहे.

या प्रश्नाचा कायदेशीर निकाल लागावयास जवळजवळ अर्धे शतक गेले. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन कवी व संगीतकार यांचा मानधनातील वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली आणि सादरीकरणाच्या व्यापारी वापराबद्दल गायक-वादकांचाही हक्क मान्य झाला.

“पैसे कंपनीच खाते, कलावंताला काही मिळत नाही; मग मी का द्यावे?” असे मोठी मुले म्हणतात. त्यांना सांगावे की, वाटणी अन्यायाची असेल तर वाटणी सुधारावी. मुकादम मजुरी हडपतो म्हणून शेतकऱ्याने मजुरीच देऊ नये, असे आपण म्हणत नाही.

३. कायदा काय सांगतो

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. शिक्षकांस उपयुक्त एवढ्याच बाबी येथे देतो.

(अ) कवी व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत व मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. म्हणून त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या रचनांवरील हक्क २०१० अखेर संपला. त्यांची सर्वपरिचित प्रार्थना आज सर्वांची आहे. ग. दि. माडगूळकर १९७७ साली निवर्तले. त्यांच्या गीतांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत राहील. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ५६ गीतांचे गीतरामायण आठवड्याआठवड्याने प्रसारित झाले आणि घरोघरी फुकट ऐकले गेले. परंतु आकाशवाणीने ते ऐकविले म्हणजे कवीचा हक्क संपला, असे मात्र नव्हे.

(आ) ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो व तो प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. तुकोबांचा अभंग सर्वांचा आहे. परंतु एखाद्या गायकाने अलीकडे गाऊन ध्वनिमुद्रित केलेला तोच अभंग सर्वांचा नव्हे. मुलांनी अभंग स्वतः गावा. त्यास कोणाची मुभा नको.

(इ) शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी गीत गाण्यास कायद्याने सूट आहे. श्रोते विद्यार्थी, शिक्षक, पालक व शाळेशी संबंधित मंडळी एवढेच असतील, तर ध्वनिमुद्रित गीत लावण्यासही सूट आहे. शासकीय समारंभ, धार्मिक विधी व लग्नाची वरात यांसही अशी सूट दिलेली आहे. परंतु त्या कार्यक्रमाचे चित्रीकरण गाण्यासह इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवणे या सुटीत बसत नाही. अशा चित्रीकरणात मुलांचे चेहरेही असतात, याचा विचार वेगळाच करावा लागेल.

(ई) जाणूनबुजून हक्कभंग करणारास सहा महिने ते तीन वर्षे कैद व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. तथापि शिक्षेची भीती घालून हा पाठ शिकवू नये. भीतीने मुले लपविण्यास शिकतात, आणि सचोटी तशीच राहून जाते.

४. फुकट ते सर्व वाईट नव्हे

आपल्या पालकांपैकी अनेकांची मिळकत बेताची आहे. पैसे देऊनच गाणे ऐका, असे सांगितले तर गरिबाच्या मुलाने गाणे ऐकूच नये, असा त्याचा अर्थ होईल, आणि ते अन्यायाचे आहे. सुदैवाने तशी वेळ नाही. आकाशवाणी आहे. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडद्वारे मिळणारे साहित्य आहे. गाण्याच्या मालकाने स्वतःच इंटरनेटवर ठेवलेली गाणी जाहिरातींसह फुकट ऐकता येतात. तेथे जाहिरातदाराचे पैसे मालकापर्यंत पोहोचण्याची सोय असते. मासिक वर्गणी भरून ऐकविणाऱ्या सेवाही आहेत. ज्यास परवडेल त्याने ती भरावी.

म्हणून कसोटी ही की, ज्याचे गाणे त्याने ते अशा रीतीने देऊ केले आहे काय? त्याने फुकट दिले असेल तर आनंदाने घ्यावे व नाव सांगावे. त्याने मोल ठेवले असेल आणि तिसऱ्याच कोणी मोडतोड करून फुकट वाटले असेल, तर ते घेऊ नये. काही वर्षांपूर्वीपर्यंत गावोगावच्या नाक्यांवरील दुकानांत थोड्या पैशांत मेमरी कार्डात शेकडो गाणी भरून मिळत. तेथे मूल पैसे देत असे, तरी त्यातील एक पैसाही गाणाऱ्याकडे जात नसे. म्हणजे केवळ पैसे दिले की व्यवहार स्वच्छ झाला, असेही नाही.

५. पाठाची रूपरेषा

विषय : मूल्यशिक्षण (श्रमप्रतिष्ठा व सचोटी). तासिका : दोन.

उद्देश : (१) गीतामागील अनेकांच्या श्रमांची जाणीव करून देणे. (२) नाव, परवानगी व मोबदला या तीन देण्यांची ओळख करून देणे. (३) गाणे घेण्यापूर्वी विचार करण्याची सवय लावणे.

पूर्वतयारी : मुलांनी घरच्या एका आवडत्या गीताचे कवी, संगीतकार व गायक यांची नावे शोधून आणावीत. पुष्कळांस केवळ गायकाचे नाव मिळेल, किंवा तेही मिळणार नाही. ही उणीव पाठाच्या कामी येईल.

प्रस्तावना : आवणीच्या मजुरीचा प्रसंग सांगून ‘बाईचे काय गेले?’ असा प्रश्न विचारावा. उत्तरे मुलांच्याच शब्दांत फळ्यावर लिहावीत.

विवेचन : राज्यगीताचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्राचे राज्यगीत २०२३ साली स्वीकारण्यात आले. मुले ते दररोज गातात. त्याचे कवी राजा बढे, संगीतकार श्रीनिवास खळे व गायक शाहीर साबळे ही तीन नावे किती जणांस ठाऊक आहेत, ते पाहावे. त्यानंतर सालोमालो, धवलारीण व लता-रफी मतभेद या तीन कथा अनुक्रमे नाव, परवानगी व मोबदला यांसाठी सांगाव्यात.

वादविवाद : दुसऱ्या तासिकेस वर्गाचे दोन गट करून एकाने लताबाईंची व दुसऱ्याने रफीसाहेबांची बाजू मांडावी. दहा मिनिटांनी गटांनी बाजू बदलाव्यात. शिक्षकांनी निकाल देण्याची घाई करू नये. अखेरीस २०१२ च्या दुरुस्तीची माहिती सांगावी.

गणिताशी सांगड : कुसुमाग्रज १९९९ साली निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या कवितांवरील हक्क केव्हा संपेल? (उत्तर : २०५९ अखेर.) राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली निवर्तले. त्यांच्या रचनांचा हिशेब मुलांनी करावा. (उत्तर : २०२८ अखेर.)

फलकलेखन : ‘हे कोणाचे? त्याने असे देऊ केले आहे का? मी त्याचे नाव सांगितले का?’ हे तीन प्रश्न मुलांनी वहीत उतरवून घ्यावेत.

उपक्रम : गावातील एखादी धवलारीण, भजनीबुवा किंवा तारपावादक यांना शाळेत सन्मानाने बोलवावे. त्यांच्या अनुमतीनेच गाणे टिपावे. आरंभी त्यांचे नाव व गाव मुलांनी उच्चारावे. यथाशक्ती श्रीफळ व मानधन द्यावे.

मूल्यमापन : लेखी परीक्षा नको. पुढील स्नेहसंमेलनात प्रत्येक गीतापूर्वी मुले कवी व संगीतकार यांची नावे आपणहून सांगतात की नाही, हेच खरे मूल्यमापन.

६. आपल्याच घरातील गोष्ट

शेवटी एक गोष्ट आपल्याच वर्तनाविषयी. माझ्या परिचयाच्या एका शिक्षिकेने पाढ्यांना सुरेख चाल लावून मुलांकडून गाऊन घेतली. ती ध्वनिफीत शिक्षकांच्या गटांतून फिरत फिरत वर्षभराने तिच्याच मोबाईलवर परत आली. खाली नाव दुसऱ्याच कोणाचे होते. बाई एवढेच म्हणाल्या, “मुलांना पाढे आले, ठीक आहे. पण ती चाल मी लावली, हे माझ्या मुलींना तरी कळायला हवं होतं.” शैक्षणिक साहित्य सर्वांनी वाटून घ्यावे, यात शंका नाही. परंतु पुढे पाठविताना निर्मात्याचे नाव पुसू नये, आणि गळलेले दिसल्यास शोधून लिहावे. सालोमालोची कथा आपण मुलांना सांगणार असू, तर हे आपणास करावेच लागेल.

आता त्या तरुण शिक्षकांच्या प्रश्नाकडे वळू. पालकांसमोर, शाळेच्या आवारात त्यांनी गीत लावले, यात गैर काही नाही. परंतु ते कोणत्या ठिकाणाहून उतरविले हे त्यांनी पाहिले नाही, तेवढी त्यांची चूक. मालकाने स्वतः जेथे ठेवले आहे तेथूनच ते लावावे, कवी-संगीतकारांची नावे सांगावीत, आणि शक्य तेथे मुलांनीच गावे. त्या मुलीस हे सर्व वर्गासमोर सांगावे आणि ‘तुझा प्रश्न योग्य होता’ असेही सांगावे. ज्या वर्गात गुरुजींना असा प्रश्न विचारता येतो, तो वर्ग चांगला चालला आहे असे समजण्यास हरकत नाही.

ज्या शाळा हा पाठ घेतील त्यांनी मुलांच्या उत्तरांतील विशेष उल्लेखनीय उत्तरे केंद्रप्रमुखांमार्फत कळवावीत. मुलांची नावे अवश्य लिहावीत.

— विस्तार अधिकारी (शिक्षण)